रातपाळीच्या माणसाची झोप



एका भगिनीने आम्हाला विचारले, "आमचे हे रातपाळी करून सकाळी आठला घरी येतात. अंग आंबलेले असते, पण डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसभर चिडचिड करतात. सासूबाई म्हणतात, कुणाची तरी नजर लागली. काय करावे?"

ताई, ही नजर नव्हे. हा उजेडाचा परिणाम आहे.

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. बहुतेकांचे ते रोज थोडे मागे पडते आणि सकाळचा उजेड ते जुळवून देतो. उजेडाची वर्दी देणाऱ्या खास पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात. रात्री मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे द्रव्य रक्तात सोडते आणि शरीराला रात्रीची खूण पटते. प्रखर उजेडात ते द्रव्य घटते. हे घड्याळ पेशीत कसे चालते, ते हॉल, रॉसबॅश व यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी फळमाशीवर अभ्यासून दाखवले. त्याबद्दल त्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रातपाळीचा कामगार घरी निघतो तेव्हा ऊन तोंडावर येते आणि घड्याळ सांगते, 'दिवस उगवला, जागा हो.' सुटीच्या दिवशी तो पुन्हा रात्री झोपतो, म्हणून घड्याळ पुरते बदलतही नाही. हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली अशी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली.

मग घरात काय करता येईल? बस-गाडीने येत असतील तर येताना काळा चष्मा लावावा. घरी आल्यावर चहा टाळावा. खिडकीवर जाड चादर किंवा जुनी गोधडी टांगावी, डोळ्यांवर काळे फडके बांधावे. एकाच खोलीचे घर असेल तर तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा, मुलांना अभ्यासाला शेजारी किंवा वाचनालयात धाडावे. रोजची झोपेची वेळ शक्यतो एकच ठेवावी. एवढे करूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. गंडेदोरे करू नयेत, मनाने गोळ्याही घेऊ नयेत.

दिवसपाळीच्या घरांनी उलट करावे. मुलांना सकाळी अंगणात, गच्चीवर उजेडात पाठवावे आणि झोपण्याआधी तासभर मोबाईल त्यांच्या हातातून काढून घ्यावा.

दिवसा झोपलेल्या कामगाराला कुणी आळशी म्हणू नये. रात्रभर जागून त्याने घर चालवले आहे. त्याच्या वाट्याचा अंधार त्याला मिळवून देणे हे घरच्यांचे काम आहे, असे आम्हाला वाटते.