‘आधी या, व्हिसाचं नंतर बघू’

ती रील तुम्हीही पाहिली असेल. समुद्र, स्कूटर, नारळपाणी आणि वर मोठी अक्षरं: नोकरी सोडा, थायलंडला जा, इंग्रजी शिकवा. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये मी ती पाहिली आणि घरी पोहोचेपर्यंत एका एजंटला मेसेजही करून टाकला. त्याने विचारलं, डिग्री आहे? बी.ई. आहे. इंग्रजी? रोज रात्री अमेरिकेतल्या क्लायंटशी तासभर बोलते. लगेच उत्तर आलं, “मग आधी या. टुरिस्ट म्हणून या, व्हिसाचं शाळा नंतर बघेल.”

मी गेले नाही, गृहकर्जाचे हप्ते होते. हॉस्टेलमधली माझी रूममेट गेली. रील तिला मीच पाठवली होती.

तिला पहिल्या महिन्याचा पगार मिळाला, दुसऱ्याचा अर्धा, तिसऱ्याचा मिळालाच नाही. मी फोनवर म्हटलं, “अगं, तक्रार कर ना.” ती म्हणाली, “कुणाकडे? तक्रार करायला गेले की पहिला गुन्हा माझाच निघतो.”

तेव्हापासून कुणी ‘व्हिसा म्हणजे नुसती कागदी कटकट’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. वर्क परमिट म्हणजे भांडायचा परवाना. तो हातात नसेल तर पगार बुडवला, पासपोर्ट ठेवून घेतला, रविवारीही वर्ग घ्यायला लावले, तरी तुम्ही गप्प बसणार हे समोरच्याला माहीत असतं. तुमच्या इंग्रजीइतकंच हे गप्प बसणंही त्याला हवं असतं.

आणि थायलंडमधला सरळ रस्ता भारतीयांना बंदही नाही. पदवी हवी, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा हवा, मग वर्क परमिट आणि शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी. मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागतात. यातले बरेच कागद शाळेने द्यायचे असतात, म्हणजे ‘ही बाई आमच्याकडे काम करते’ हे शाळेला लेखी मान्य करावं लागतं. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नेमकं तेच टाळायचं असतं. कधीकधी तिथे गेल्यावर व्हिसा खरंच बदलून मिळतो, म्हणून तर ही थाप खपते. पण परमिट मिळण्याआधी वर्गात उभं राहणं बेकायदेशीरच. सापडलात तर ५,००० ते ५०,००० बात दंड, परत पाठवणी आणि दोन वर्षं नवं परमिट नाही. दंड मालकालाही आहे. पण दंड भरून तो त्याच्याच घरी जातो. तुम्हाला मात्र विमानतळावर नेतात.

इथे कुणीतरी म्हणणारच: नियमच अन्यायी आहेत, मग आम्ही ते का पाळायचे? यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे.

दक्षिण कोरियाचं बघा. तिथे परदेशी भाषाशिक्षकांसाठी ई-२ व्हिसा असतो. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयातली चालते, पासपोर्ट मात्र यादीतलाच लागतो. आपल्यासाठी भारत-कोरिया व्यापार करारात, २०१० पासून, सहाय्यक शिक्षकाचं एक अरुंद दार आहे, पण त्यासाठी आधी शिक्षकी पात्रता लागते. म्हणजे टोरांटोच्या मेकॅनिकल इंजिनिअरला जे चालतं, ते पुण्याच्या इंजिनिअरला चालत नाही.

आता दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. २०२२ च्या जनगणनेनुसार तिथे घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहूनही कमी. म्हणून तिथल्या उमेदवाराकडे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. छान! मग तोच पुरावा नागपूरच्या, लागोसच्या, मनिलाच्या उमेदवाराकडे का मागता येत नाही?

या समजुतीचं मूळ जुनं आहे. १९६१ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलाची इंग्रजी शिकवण्याविषयी परिषद झाली. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती मातृभाषा असलेला, हे तिथून पुढे आलेल्या गृहीतकांपैकी एक. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्ये ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात हा भ्रम असल्याचं मांडलं. मला ते पटायला पुस्तक लागलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली. ‘ए’ कुठे आणि ‘द’ कुठे, यात मी कितीतरी वर्षं धडपडले, कारण मराठीत ती भानगडच नाही. थाई आणि कोरियन भाषांतही नाही. तिथलं पोर कुठे अडखळेल हे मला जास्त कळेल, की जन्मापासून न अडखळता ‘द’ म्हणणाऱ्याला?

पण नियम अन्यायी आहे म्हणून एजंट आपला होत नाही. यादी जितकी आखूड, तितका त्याचा धंदा मोठा. नियम दारातून हाकलतो, एजंट खिडकी दाखवतो आणि खिडकीतून आलेल्याला घरात आवाज चढवता येत नाही. यादी करणाऱ्यांना स्वस्तात गप्प माणसं मिळतात. हे बंड नव्हे, त्याच अन्यायाचा पुढचा हप्ता आपण आपल्या खिशातून भरतो.

म्हणून एवढंच करा. कुणी बोलावलं तर विचारा: व्हिसाचा प्रकार कोणता? परमिट कुणाच्या नावावर? ते हातात येण्याआधी वर्गात उभं राहावं लागेल का? उत्तर लेखी मागा. ‘नंतर बघू’ आलं तर ब्लॉक करा. आणि पुढच्या वेळी अशी रील मैत्रिणीला पाठवताना माझी आठवण ठेवा.

ती परत आली. तिकिटाचे पैसे भावाने पाठवले. बुडालेला पगार बुडालाच. आता ती कोल्हापुरात बी.एड. करतेय. पुन्हा जायचं म्हणते, पण या वेळी पुढच्या दाराने.