विश्लेषण : समृद्धी महामार्गावर टायर पंक्चर झाला तर? स्टेपनी कुठे बदलायची आणि कुठे हातही लावायचा नाही?

सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावरचा एक व्हिडिओ राज्यभर फिरला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रस्त्यावर ओळीने खिळे ठोकल्यासारखं काहीतरी दिसत होतं. रात्रीच्या वेळी त्यावरून गेलेल्या काही गाड्यांचे टायर पंक्चर झाले होते. लुटारूंनीच खिळे ठोकले, अशी चर्चा सुरू झाली. नंतर महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने खुलासा केला. ते खिळे नव्हते. काँक्रीटला गेलेले बारीक तडे इपॉक्सीने भरण्यासाठी बसवलेले ते ॲल्युमिनियमचे नोझल होते.

खिळे की नोझल, काम सुरू असताना वाहतूक नीट वळवली होती की नाही, यावर बरीच चर्चा झाली. पण त्याहून साधा प्रश्न मागे राहिला. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर, अंधारात, कुटुंब सोबत असताना टायर बसला तर गाडीतल्यांनी नेमकं करायचं काय?

द्रुतगती मार्गावरचं पंक्चर वेगळं का?

जुन्या राज्य मार्गावर किंवा नाशिक-पुण्यासारख्या रस्त्यावर पंक्चर झालं की माणूस इकडेतिकडे बघतो आणि कुठेतरी बांबूला टांगलेला जुना टायर दिसतो. तीच पंक्चरवाल्याची पाटी. गाडी ढकलत न्या किंवा रिक्षाने स्टेपनी पाठवा, काम होऊन जातं.

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ही सोय नाही. हा प्रवेश नियंत्रित रस्ता आहे. ठरलेल्या इंटरचेंजवरूनच आत येता आणि बाहेर पडता येतं. दुचाकी आणि रिक्षांना इथे बंदी आहे. रस्त्याच्या कडेला टपरी नाही आणि ती नसणं हे सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरही आहे. पण याचा अर्थ असा की बिघाड झाल्यावर तुमच्याकडे गाडीत जे आहे तेच आहे. बाकी मदत फोन करून बोलवावी लागते.

दुसरा फरक वेगाचा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. मागून येणाऱ्या चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात त्याची गाडी ५० मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी साधारण ८० मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला किंवा ओल्या रस्त्यावर याहूनही जास्त.

देशात सर्वाधिक अपघात कोणत्या प्रकारचे होतात, याचं उत्तरही इथे महत्त्वाचं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात एकूण ४,६१,३१२ अपघातांची नोंद आहे. त्यात मागून धडक बसण्याच्या अपघातांचा वाटा सर्वात मोठा, २१.४ टक्के होता. यात चालत्या गाड्यांच्या धडकाही आल्या. पण उभ्या गाडीकडे वेग कमी करण्याचा किंवा बाजूला होण्याचा पर्यायच नसतो.

स्टेपनी कुठे गेली?

रस्त्याकडेचा पंक्चरवाला गेला, तसा काही नव्या गाड्यांमधून पाचवा टायरही जातो आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बॅटरीला जागा हवी असते, म्हणून हा पर्याय कंपन्यांना सोयीचा ठरतो.

किट वाईट नाही. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसून झालेलं छोटं छिद्र त्यातल्या सीलंटने बुजतं आणि जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पण टायरची बाजू फाटली असेल, तर किट निरुपयोगी आहे.

ज्या गाड्यांत स्टेपनी आहे, त्यातल्या अनेकांत ती इतर चार टायरपेक्षा लहान असते. तिच्यावर बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. तो स्टिकर शोभेचा नाही. ही स्टेपनी लावून पुन्हा १२० ने निघणं म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी आहे.

टायर फुटतो तो उन्हामुळे की हवेमुळे?

‘ऊन वाढलं, हवा जास्त झाली आणि टायर फुटला’, हा सर्वाधिक ऐकू येणारा समज. त्यामुळे उन्हाळ्यात अनेक जण मुद्दाम हवा कमी ठेवतात. खरा धोका बहुतेक वेळा उलटा असतो.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि पुन्हा ताणली जाते. या वाकण्याने रबर आतून तापतं. वेग वाढला, गाडीत माणसं आणि सामान जास्त असलं की उष्णता आणखी वाढते. शेवटी रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. शहरात ४० च्या वेगाने महिनोन् महिने चाललेला कमी हवेचा टायर तासभर सलग १२० ने पळवला की दगा देतो, तो यामुळे. विदर्भातलं ४५ अंशांचं ऊन यात भर घालतं, पण सुरुवात हवेच्या दुर्लक्षापासून होते.

गाडी पळल्यावर टायरमधला दाब थोडा वाढणारच. सकाळी ३३ पीएसआय भरलेला टायर महामार्गावर ३६-३७ दाखवू शकतो. हे धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. गरम टायरची हवा सोडून तो आकडा खाली आणला, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो. नायट्रोजन भरला की प्रश्न संपतो, असंही नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोणता वायू भरला यापेक्षा तो नियमित मोजला का, हे जास्त महत्त्वाचं.

निघण्याआधी काय तपासायचं?

या तपासणीला १० मिनिटं पुरतात आणि मेकॅनिक लागत नाही.

• हवा : गाडी रात्रभर उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच चाललेली असताना मोजा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. गाडीत पाच जण आणि डिकीत बॅगा असतील, तर तोच धरा.

• नक्षी : नियमानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा. फक्त बाहेरची कड पाहू नका, चाक वळवून आतली कडही पाहा. एकाच बाजूने झीज असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं असतं.

• वय : टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदलावा, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे.

• फुगे आणि चिरा : खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या बाजूला फुगा येतो. असा टायर घेऊन महामार्गावर जाऊ नका. हवा भरून तो दुरुस्त होत नाही.

• स्टेपनी : तिची हवाही मोजा. वर्षभर न पाहिलेली स्टेपनी गरजेच्या वेळी बसलेली निघते. जॅक, पाना आणि परावर्तक त्रिकोण जागेवर आहेत का, आणि नटना वेगळं लॉक असेल तर त्याची किल्ली गाडीतच आहे का, तेही बघा.

• बाकी : ब्रेक ऑइल आणि कूलंटची पातळी, वायपर, मागचे दिवे आणि चारही इंडिकेटर. टायर बसल्यावर मागच्याला तुम्ही दिसणार आहात, ते या दिव्यांमुळेच.

टायर बसला, पहिल्या दोन मिनिटांत काय?

जोरात ब्रेक दाबू नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि गाडीचा वेग आपोआप कमी होऊ द्या. इंडिकेटर देऊन डावीकडे या. टायर पूर्ण बसला असला, तरी कडेने अगदी हळू काही अंतर पुढे जाता येतं. रुंद, सपाट जागा, इंटरचेंज किंवा विश्रांती थांबा जवळ असेल तर तिथपर्यंत जा. टायर वाया जाईल, कदाचित रिमही. त्याची भरपाई पैशांनी होते. वळणावर, पुलावर, बोगद्यात किंवा चढ संपतो त्याच्या लगेच पलीकडे थांबलात, तर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही.

थांबल्यावर चारही इंडिकेटर एकदम लावा आणि सगळ्यांना डाव्या बाजूच्या दारांनी उतरवा. मुलं, म्हातारी माणसं, सगळे जण कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून थोडे मागच्या दिशेला उभे राहिले पाहिजेत. उभ्या गाडीला धडक बसली तर ती पुढे फेकली जाते, म्हणून तिच्यापुढे उभं राहायचं नाही. पाऊस असला तरी गाडीत बसून राहणं जास्त धोक्याचं.

त्रिकोण गाडीच्या मागे १० पावलांवर ठेवला, तर १२० ने येणाऱ्याला पाव सेकंदही मिळत नाही. वरचा हिशेब पाहता द्रुतगती मार्गावर तो १०० मीटरच्या पुढे हवा. मात्र तिथपर्यंत कठड्याच्या आडून चालता येत असेल तरच जा. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत तर मोटरवेवर त्रिकोण ठेवायलाच मनाई आहे, कारण तो ठेवायला जाणारा माणूसच चिरडला जाण्याची भीती असते. तिथे मोटरवेवर छोटी दुरुस्तीही स्वतः करू नका, असंच सांगितलं जातं.

मग टायर बदलायचा की नाही?

निर्णय दोन गोष्टींवर ठरतो : गाडी कुठे उभी आहे आणि कोणतं चाक बसलं आहे. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, म्हणजे वाहतूक तिच्या उजवीकडून जाते. डाव्या बाजूचं चाक असेल आणि गाडी पट्ट्यापासून बरीच आत असेल, तर दिवसा काम करता येतं. उजव्या बाजूचं चाक असेल, तर बदलणाऱ्याची पाठ थेट धावत्या गाड्यांकडे येते. अशा वेळी, आणि रात्री किंवा धुक्यात तर नक्कीच, जॅक काढू नका. कठड्यापलीकडे जाऊन फोन करा. समृद्धीची हेल्पलाइन निघण्याआधीच मोबाइलमध्ये ठेवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि कुठेही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत. जागा सांगताना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा आणि तुमची दिशा द्या.

जागा सुरक्षित असेल, तर क्रम असा :

१. जमीन कडक आणि सपाट हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा. बसलेल्या चाकाच्या तिरप्या बाजूच्या चाकाला दगड लावा.

२. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती जॅकवरून घसरू शकते.

३. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेखालीच लावा. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी तिच्यावर टेकेल. हात-पाय गाडीखाली घालू नका.

४. चाक काढा, ते गाडीखाली सरकवा आणि मग स्टेपनी बाहेर घेऊन बसवा. नट हाताने समोरासमोर अशा क्रमाने आवळा.

५. खालचं चाक बाहेर काढा, गाडी खाली घ्या, मग पान्याने त्याच क्रमाने पूर्ण घट्ट करा. पुढच्या थांब्यावर नट आणि हवा पुन्हा तपासा.

यंत्रणेची जबाबदारी किती?

१ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीवर खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्यामुळे अपघात झाला, असं चालकाने सांगितलं होतं. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. ‘टायर फुटला’ हे कारण पटकन स्वीकारलं जातं, कारण त्यात कोणाचीच चूक दिसत नाही. खरं तर टायर सहसा अचानक फुटत नाही, तो आधी दुर्लक्षित झालेला असतो.

त्याच वर्षी परिवहन विभागाने महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. हे पाऊल योग्य आहे, पण नाक्यावर नक्षी दिसते, हवा दिसत नाही. तिथे हवा मोजण्याची सोय हवी आणि रस्त्यावर काम सुरू असताना अडथळे व दिवे लावून वाहतूक वेळेत वळवायला हवी. बिघडलेल्या गाडीपर्यंत गस्तीचं वाहन लवकर पोचणं ही तर सर्वात मोठी गरज, कारण ते मागे दिवे लावून उभं राहिलं की चालकाला १०० मीटर चालत जाऊन त्रिकोण ठेवावा लागत नाही.

तोपर्यंत चालकाच्या हातात उरतं ते दोन पातळ्यांवरचं काम. घरातून निघण्याआधी पाचही टायरची हवा मोजणं आणि वाटेत टायर बसलाच, तर आधी माणसं कठड्यापलीकडे नेणं. स्टेपनीचा विचार त्यानंतर.