लांबून मारू नको म्हणणाऱ्या सरांना

जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर संध्याकाळी जाऊन उभे राहा. दहा मिनिटांत एक वाक्य कानावर पडेलच : "लांबून फेकू नको रे, आत घुस!"

मी हेच ऐकत वाढलो. पॉइंट गार्ड होतो. ड्रिबल चांगलं, पास त्याहून चांगला. जिल्ह्यात जिंकायचो. मग विभागीय फेरीत पुण्याच्या एका संघाशी गाठ पडली. माझ्यासमोरचा पोरगा चार पावलं मागे सरकला, आत जायच्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "मार की." मी मारलं नाही. मला मारताच येत नव्हतं. पाच मिनिटांत माझा खेळ संपला.

आज कोड लिहून पोट भरतो, पण ते दोन शब्द अजून टोचतात. तेव्हा दोष माझा वाटला होता. आता वाटतं, दोष शिकवण्यात होता.

पॉइंट गार्डला बाहेरचा शॉट गुण मिळवण्यापुरताच लागतो, हा मूळ गैरसमज. शॉट नसलेल्या गार्डवर कुणी पहारा देत नाही. तो मोकळा डिफेन्डर रिंगखाली गर्दी करतो आणि तुमच्या उंच पोराकडे जाणारा पास अडवतो. म्हणजे शॉट नसला की पासही जातो, ड्राइव्हही जातो. तुम्ही चौघांनिशी पाचांशी खेळता.

गणित सातवीतलं आहे. दोन गुणांचे निम्मे शॉट गेले, तर दर शॉटमागे १ गुण. तीन गुणांचे शंभरात ३४ गेले, तरी १.०२. बाहेरून शंभरात चौतीस मारणारा पोरगा बेजबाबदार कसा?

जेसन किडचं उदाहरण घ्या. १९९४ साली एनबीएत आला तेव्हा पासिंगचा बादशहा, पण शॉट इतका कच्चा की लोक त्याच्या नावातला 'जे' काढून त्याला 'एसन' म्हणायचे. 'जे' म्हणजे जम्पशॉट. त्याने शॉट घडवला, २०११ मध्ये डॅलसबरोबर विजेतेपद मिळवलं, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,९८८ थ्री पॉइंटर होते. शॉट जन्मजात नसतो, घडवता येतो.

सर म्हणतील, लहान वयात लांबून फेकलं की हात बिघडतो. अगदी खरं. पण सहावीतल्या पोराने ६.७५ मीटरवरून फेकावं, असं कोण म्हणतंय? त्याला रिंगपासून दोन मीटरवर उभं करा, लहान बॉल द्या, रोज शंभर शॉट मारू द्या. हात बसला की एक पाऊल मागे. "आधी आत घुसायला शिक, शॉट नंतर बघू" यातला 'नंतर' माझ्या बाबतीत कधी आलाच नाही.

कोर्टवर तीनची रेषा नाही? खडूने आखा. माझ्या शाळेत ती नव्हतीच, आणि कुणाला खटकलंही नाही.

विभाग ओलांडून राज्यापर्यंत पोचलेल्या खेळाडूला सवलतीचे गुण मिळू शकतात, पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची वाट उघडू शकते. शेतकऱ्याच्या पोरासाठी ही गंमत नाही.

तेव्हा सर, पुढच्या वेळी एखादं पोरगं लांबून मारेल आणि चुकेल, तेव्हा ओरडू नका. बॉल परत त्याच्याकडे द्या.