डॉक्टरांशी हितगुज : पिशवी राखता येईल का?

प्रश्न : वय ३२. लग्नाला आठ वर्षे झाली, मूलबाळ नाही. पाळी पहिल्यापासून अनियमित, वजन ८४ किलो. सहा महिने सारखे अंगावरून जात होते म्हणून क्युरेटिंग केले. रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पहिली श्रेणी, असे आले. डॉक्टर पिशवी काढा म्हणतात. सासूबाईंनी तर अन्नपाणी सोडल्यासारखे केले आहे. हॉर्मोनच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो असे मैत्रीण सांगते. खरे का?
— एक भगिनी, मिरज

उत्तर : मैत्रीण सांगते ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. पिशवी काढणे हाच या रोगाचा मुख्य उपाय, आणि रोग लवकर सापडला तर त्याने बहुतेक जणी बऱ्या होतात. तुमच्या डॉक्टरांचे काही चुकलेले नाही. मात्र मूल हवे असलेल्या तरुण बाईला काही अटींवर दुसरी वाट मिळू शकते.

हे अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढते आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालते. बीज वेळेवर सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. वर अंगावरची चरबीही इस्ट्रोजेन बनवते. मग आवर घालणारे कोणी राहत नाही. म्हणून जे कमी पडते ते बाहेरून द्यायचे, हा या उपचारातला विचार. १९६१ मध्ये अमेरिकेत रीटा केली आणि विल्यम बेकर यांनी रोग पसरलेल्या २१ बायकांना असे औषध दिले. सहा जणींच्या गाठी आक्रसल्या.

आता अटी. रोग पहिल्या श्रेणीचा आणि फक्त अस्तरापुरता हवा, स्नायूंत शिरलेला नको. यासाठी एमआरआय लागतो. त्यात अंडाशयेही पाहतात, कारण तरुणपणी कधीकधी तिथेही सोबत रोग असतो. क्युरेटिंगच्या काचा आणि मेणाचे ठोकळे लॅबमधून मागून घ्या व मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पुन्हा वाचून घ्या. एवढा मोठा निर्णय एका कागदावर घेऊ नये. आई, बहीण, मावशी यांना गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा.

औषध म्हणजे मेजेस्ट्रॉल किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, नाहीतर हॉर्मोन असलेली तांबी (नाव तांबी, पण तिच्यात तांबे नसते!). चौघींपैकी साधारण तिघींचे अस्तर पूर्ववत होते. पण त्यांतल्या दहांपैकी चौघींना रोग पुन्हा होतो. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो. "आता बरे वाटतेय, कशाला पुन्हा?" असे म्हणून ही तपासणी चुकवणाऱ्या बाईने ही वाट धरूच नये. सहा महिने ते वर्षभरात फरक पडला नाही तर ऑपरेशन.

मेजेस्ट्रॉलने भूक खवळते आणि वजन वाढते, आणि तुम्हाला तर ते उतरवायचे आहे. तेव्हा आहारतज्ज्ञाची गाठ पहिल्याच महिन्यात घ्या. साखर तपासत राहा. एका पायाची पोटरी दुखली, सुजली किंवा एकदम दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी असू शकते.

अस्तर स्वच्छ झाले की मुलासाठी वेळ दवडायचा नाही. टेस्ट ट्यूबची मदत घ्यावी लागली तर संकोच नको. यजमानांची तपासणी मात्र आत्ताच करून घ्या. आठ वर्षांत ती झाली की नाही, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही! एवढे करूनही मूल होणाऱ्या शंभरात तिसाच्या आतच असतात, हे यजमानांना आणि सासूबाईंनाही आधीच सांगून ठेवा. मूल झाल्यावर पिशवी काढण्याचाच सल्ला देतात, कारण गोळ्यांनी सवड मिळते, रोगाचे मूळ जात नाही.

इतर भगिनींसाठी एक गोष्ट. सणावाराला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या याच कुळातल्या. जास्त जाते म्हणून केमिस्टकडून त्या आणून खाल तर रक्त थांबेल आणि आतला रोग झाकला जाईल. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर नुसता डाग दिसला तरी आधी तपासणी, मग गोळी.