लाल गोळी घरात येते, मग रक्त का वाढत नाही?

मुर्धा : आमच्या राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यात बाई गरोदर राहिली की लाल गोळ्यांचं पाकीट घरात येतंच. 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहीम २०१८ साली सुरू झाली. त्याआधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के महिलांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत हाच आकडा ५४ टक्क्यांवर गेला. मोहीम आली आणि आकडा वाढला, असं का?

एक कारण घरातच सापडतं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. माझी बहीण ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, वर लगेच कॅल्शियमची गोळी. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. पुढे शौचाला काळं झालं म्हणून घाबरून तिने गोळीच सोडली. काळं होणं हा लोहाचाच परिणाम, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. भात पिवळा पडला आणि कमी जस्ताची असली, तर युरिया कितीही टाका, उपयोग नाही. तसंच हे. १९२८ साली डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा एक रक्तक्षय त्यांनी अभ्यासला आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइटने त्याला गुण येतो, हे १९३१ मध्ये मांडलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक ॲसिड. आपल्या लाल गोळीचा अर्धा इतिहास असा मुंबईचाच आहे.

सिकलसेल तर आईबापाकडून येतो. त्यात हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. थॅलेसेमियाच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवतात, त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. त्याला लोहाची गोळी दिली तर अपायच. २०२३ साली केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायची मोहीम जाहीर केली, पण तपासणीच झाली नाही तर रुग्ण सापडणार कसा?

म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोरींना एकच सांगणं. गोळी देताना तीन गोष्टी बोला : चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवा, लिंबू-आवळ्याबरोबर चालेल, काळ्या शौचाला भिऊ नका. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा बघा. एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर नुसतं नवं पाकीट देऊ नका, पुढच्या तपासणीला पाठवा.

गोळी वाटल्याची नोंद वहीत होते. बाईचं रक्त वाढल्याचीही व्हायला हवी.