उष्णता म्हणून किती दिवस सोसायचं?

मैत्रिणींनो, एप्रिल-मे आला की आपल्या रत्नागिरीत ओठांच्या कडेला पुरळ आलेली मुलं आणि हातांची सालं निघालेल्या बायका घरोघरी दिसतात. विचारलं की एकच उत्तर, "आंबा बाधला, उष्णता झाली." मग सब्जा, वाळ्याचं पाणी सुरू. जिवाला थंड वाटतं, पण पुरळ तसंच!

आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या देठाजवळचा चीक, काजूच्या टरफलातलं तेल, बिब्ब्याचं तेल, सगळ्यांत कातडीला त्रास देणारी एकमेकांशी मिळतीजुळती द्रव्यं असतात. काजूच्या तेलाने तर भाजतंच, शिवाय कित्येकींना त्याची अ‍ॅलर्जी येते. ती बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून आपण काल खाल्लेल्या पदार्थाला दोष देऊन मोकळ्या होतो. "इतकी वर्षं सोलतेय, मला कधी काही झालं नाही," असंही ऐकते. पण वारंवार संपर्क आल्यावरही अ‍ॅलर्जी सुरू होऊ शकते. आणि अशा फोडांवर कुणी बिब्बा लावायला सांगितला तर मुळीच ऐकू नका. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार काय उगीच पडला?

घरी आंबे चिरण्याआधी देठ काढून चीक गळू द्यावा, आंबे धुवावेत. ओले काजूगर सोलताना हाताला खोबरेल लावावं, नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. हे आपल्या हातात आहे. पण दिवसभर काजू फोडणाऱ्या बाईचं काय? किलोवर मजुरी असली की हातमोजे घालून हात मंदावतो आणि पैसे कमी पडतात. म्हणून मोज्यांचा खर्च मालकाने करावाच, शिवाय दरही मोजे घालून होणाऱ्या कामावर ठरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला रजा परवडत नाही, म्हणून ती मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणते. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात.

पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, गोधड्या दमट राहतात. मग सकाळी उठल्याउठल्या शिंका, डोळे चोळणारी मुलं. तिथेही तीच घाई, शेजारणीच्या घरची उरलेली डोळ्यांची बाटली. डॉक्टरांना न विचारता ते थेंब घालू नका. स्टेरॉइडचे थेंब फार दिवस घातले तर डोळ्यांतला दाब वाढतो, आणि गेलेली नजर परत येत नाही.