टायर वाढवले, गिअरचं काय?

अमेरिकेत पिकअप ट्रकला मोठे टायर चढवण्याची अनेकांना भारी हौस. गाडी दिसते रुबाबदार, पण मागे दोन टनांचा ट्रेलर जोडला की चढावर तिची दमछाक होते. मग शिव्या इंजिनाला! माझ्या मते चूक हिशेबाची आहे.

३० इंची टायर काढून ३३ इंची बसवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १० टक्के जास्त अंतर जाते, आणि ओढ साधारण ९ टक्क्यांनी घटते. ३.७३ चा अ‍ॅक्सल रेशो जणू ३.३९ होतो. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील, तर ४१ आणि १० ची जोडी टाका. रेशो ४.१०, हिशेब चोख! फरक फक्त एका दाताचा. मात्र क्राउन-पिनियन जोडीनेच बदलायचे, आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर दोन्ही अ‍ॅक्सलचे.

तरी ब्रेक जुनेच राहतात, आणि मोठं चाक थांबवायला त्यांना जास्त जोर लागतो. कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादाही वाढत नाही. म्हणून मी म्हणतो, ट्रेलर ओढायचा तर मूळ मापाचेच टायर बरे. हौसच असेल तर आधी वही-पेन, मग पाना!